लॉगिनला अडकणारं विंडोज: रिसेट करायचं की अडथळा शोधायचा?

पासवर्ड टाकला, ‘वेलकम’ आलं, चक्र फिरायला लागलं आणि तिथेच सगळं थिजलं. विंडोज १० असो वा ११, अशा वेळी ‘रिसेट धिस पीसी’ करून विंडोज कोरं करून घेता येतं, नाहीतर सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालवून, आत शिरून नेमकं कोण आडवं येतंय ते शोधता येतं. वेगवेगळ्या वेळी मी दोन्ही केलं आहे आणि दोन्ही वेळा मशीन चालू झालं.

रिसेटची बाजू कमकुवत नाही. लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करायचं, ट्रबलशूटमध्ये जायचं, ‘कीप माय फाइल्स’ निवडायचं आणि वाट बघायची. डोकं फार चालवावं लागत नाही. क्लाउड डाउनलोड, म्हणजे विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरवणं, घेतलं तर चारेक जीबी डेटा जातो, एवढंच.

अडचण नंतर सुरू होते. रिसेट संपल्यावर डेस्कटॉपवर एक फाइल दिसते: काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची यादी. ब्राउझर, पीडीएफ रीडर यांचं काही वाटत नाही, ते पाच मिनिटांत परत येतात. पण माझ्या यादीत मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर होतं, हिशेबाचं पॅकेज होतं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर होता. डीटीपीचं लायसन्स मशीनला बांधलेलं. विक्रेत्याला फोन केला तर पहिला प्रश्न, ‘आधीचं लायसन्स सरेंडर केलंत का?’ प्रोग्रॅमच उरला नाही तर सरेंडर कुठून करणार? तोवर त्या सॉफ्टवेअरच्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले जुने अहवाल उघडले की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. विंडोजने शब्द पाळला होता, एकही फाइल गेली नव्हती, पण वाचता एकही येत नव्हती. मला तरी हे फार लागलं. त्यानंतर कामाच्या मशीनवर रिसेटकडे माझा हात सहसा जात नाही.

शोधाचा रस्ता असा. तसंच शिफ्ट-रिस्टार्ट आणि ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, तिथलं रिस्टार्ट, आणि सेफ मोडसाठी एफ४. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलपाची, ४८ अंकी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाइलवरून आधीच बघून ठेवा. पिन चालला नाही तर पासवर्ड लागेल. सेफ मोडमध्ये लॉगिन सुरळीत झालं, तर विंडोजचा गाभा बहुतेक ठीक आहे आणि बाहेरून आलेलं काहीतरी अडवतंय, असं धरायला हरकत नाही.

मग एमएसकॉन्फिग हे विंडोजचंच साधन उघडून सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवायची टिक करा. हा क्रम चुकवू नका, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या गरजेच्या सर्व्हिसेसही बंद होतील. काय काय चालू होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा, उरलेल्या बंद करा, टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादीही बंद करा आणि नेहमीसारखं लॉगिन करा. जमलं, तर अर्ध्या सर्व्हिसेस चालू करून पुन्हा रिस्टार्ट. अडकलं तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर दुसऱ्या. असं निम्मं-निम्मं करत गेलं की यादी लांबलचक असली तरी लवकर आटोपते. संध्याकाळ जाते, हे मात्र खरं. माझ्याकडे शेवटी सापडली ती सहीच्या टोकनबरोबर आलेली एक सर्व्हिस. तिची नवी आवृत्ती टाकली आणि लॉगिन सुटलं.

रिसेटबद्दल माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्या वेळी रिसेट केलं असतं, तर टोकनशिवाय काम अडतं म्हणून तोच ड्रायव्हर मी त्याच संध्याकाळी परत टाकला असता.

तरीही, सेफ मोडमध्येसुद्धा मशीन थिजत असेल, तर माझा हट्ट नाही. फक्त आधी डिस्क तपासा. ती दुसऱ्या मशीनला जोडून, डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दाखवलं तर दोन्ही रस्ते सोडा आणि डेटा बाहेर काढा, कारण मरत्या डिस्कवर रिसेट म्हणजे तिच्याकडून आणखी लिखाण करून घेणं. मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल, तर मात्र रिसेटच, आणि तेही ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून.

दोषी सापडला नाही, पण सर्व्हिसेस बंद ठेवून आत शिरता येतंय, अशी वेळही येते. तिथे विंडोज ११ वाल्यांनी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे जाऊन विंडोज अपडेटमधून रिइन्स्टॉल करायचा पर्याय दिसतो का ते बघावं. त्यात विंडोज नव्याने बसतं आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. रिसेटच्या बटणाला हात लावण्याआधी एवढं जरूर करून बघा.