सुपर नेपियर, फुले जयवंत की गिनी गवत? १४ महिन्यांत गव्हाणीत काय उरलं

नागपूरजवळ काटोल रोडला आमचं वावर आहे. तीन जर्सी संकरित गाई, दोन देशी गौळाऊ. सोयाबीनचं कुटार आणि विकतचा कडबा यावरच सगळं चालायचं, म्हणून गेल्या जुलैत २० गुंठ्यांत ही तिन्ही चाऱ्याची गवतं लावली. यातली सुपर नेपियर आणि फुले जयवंत ही दोन्ही नेपियरचीच वाणं.

सुपर नेपियरच्या कांड्या ऑनलाइन मागवल्या. पोतं उघडलं तर अर्धेअधिक डोळे सुकलेले. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरण्यातच महिना गेला. फुले जयवंतचे ठोंब ओळखीच्या शेतकऱ्याकडून सकाळी आणले, दुपारी तीन बाय दोन फुटांवर लावले, सगळे जगले.

वाढीला सुपर नेपियर जोरदारच. पण उंचीवर भुलू नका. दिवाळीच्या गडबडीत कापणी ६५ दिवसांवर गेली. कुट्टी करूनही गव्हाणीत अंगठ्याएवढ्या पेरांचे तुकडे पडून राहिले; गाईंनी पानं तेवढी वेचून खाल्ली. त्याच दिवशी कापलेल्या जयवंतची गव्हाण जवळपास साफ. तेव्हापासून ४५ दिवसांपुढे जाऊ देत नाही, आणि जमिनीपासून अर्धी वीत ठेवूनच कापतो.

थंडीत मात्र दोघंही सारखेच. रात्री पारा दहाच्या आसपास आला की नेपियर थबकतं. जानेवारीत दीड महिन्यात जेमतेम गुडघ्याला लागलं. वाणाला दोष नाही, हे उष्ण हवेचंच गवत. थंड मुलखातलं रायगवत इथे आणून उपयोग नाही, आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ते टिकणार नाही. ऑक्टोबरअखेर बरसीम हा हिवाळी चारा पेरला होता, त्यानेच हिवाळा निभावला.

गिनी धुऱ्यावर आंब्याच्या सावलीत लावलं. उत्पन्न कमी, पण काडी इतकी बारीक की कुट्टीच लागत नाही. दोन्ही गौळाऊ आधी त्यालाच तोंड लावतात.

एक कळकळीनं सांगतो: कोवळं नेपियर नुसतं टाकू नका. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईला तेच जड जातं. मी तुरीचं कुटार मिसळतो, खनिज मिश्रण रोज देतो.

या पावसात सखल भागात पाणी तुंबलं. काळी जमीन, सुपर नेपियरच्या दोन ओळी कुजल्या. त्या उपटून झाल्यात. पुढच्या आठवड्यात तिथे जयवंत लावतोय, या वेळी वरंब्यावर.