कू : थाप स्वस्त, शंका महाग

उच्चार ‘कू’, पण ‘कूप’ म्हणून मागितलात तरी हाच डबा हातात येईल. २०१२ साली आलेला, २ ते ६ भिडूंचा, पंधरा मिनिटांत निकाल लावणारा खेळ. पत्ते अवघे १५: ड्यूक, असॅसिन, कॅप्टन, ॲम्बॅसडर आणि कॉन्टेसा, प्रत्येकी तीन. सुरुवातीला प्रत्येकाला दोन पालथे पत्ते आणि दोन नाणी. दोन्ही पत्ते उघडे पडले की बाद.

हातात ड्यूक नसला तरी ‘मी ड्यूक’ म्हणत तीन नाणी बेधडक उचलायची. कुणी हटकलं नाही तर पचलं. हटकलं आणि ड्यूक दाखवता आला नाही तर तुमचा एक पत्ता गेला, दाखवता आला तर हटकणाऱ्याचा.

रचनाकाराची अक्कल या हटकण्यात आहे. समजा तुमच्याकडे एक ड्यूक आहे. न दिसलेल्या १३ पत्त्यांत दोनच उरले. समोरच्याच्या दोन पत्त्यांत त्यातला एक तरी असण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के. तरी सगळे गप्प बसतात, कारण थाप पकडली तर फायदा सगळ्यांचा, अंदाज चुकला तर पत्ता एकट्याचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेब कोण विचारणार, तोच प्रश्न! एक ड्यूक हातात आणि दोन उघडे पडलेले असतील, तर मात्र डोळे झाकून हटका.

नियमांत घोटाळे ठरलेले. हटकल्यावर खरा निघालेला पत्ता गड्डीत घालून, पिसून, नवा उचलायचा असतो. बरेच जण तो हातातच ठेवतात, मग गुपितच उरत नाही आणि डाव पांगळा होतो. असॅसिन तीन नाणी भरून दुसऱ्याच्या एका पत्त्याचा खून करतो; ती नाणी कॉन्टेसाने अडवल्यास बुडतात, पण असॅसिनचीच थाप पकडली गेली तर परत मिळतात. आणि खोटी कॉन्टेसा पकडली गेली तर एका फटक्यात दोन पत्ते जातात: एक थापेचा, एक खुनाचा. दहा नाणी झाली की सात मोजून कू, म्हणजे दुसऱ्याचा एक पत्ता थेट उडवणं, करावाच लागतो, त्यामुळे साठवून बसता येत नाही.

दोघांत खेळ सपक. पाच-सहा जणांत रंगतो, पण पहिला बाद झालेला बिचारा उरलेला वेळ चहा आणतो.

मूळ डब्यात कुजबूज मात्र कमी, सगळं तोंडावर. ती हवी असेल तर ‘रिफॉर्मेशन’ हा जोडडबा घ्या. त्यातला इन्क्विझिटर ॲम्बॅसडरच्या जागी येतो. तो दुसऱ्याचा एक पत्ता एकट्याने बघतो, मग तो परत देतो किंवा बदलायला लावतो. बघितलेलं बाकीच्यांना खरं सांगायचं की नाही, ही त्याची मर्जी. पडताळायला काहीच साधन नाही. ‘ध’चा ‘मा’ करायला याहून सोपी जागा नाही, आणि शनिवारवाड्याच्या गावात तो कसा करायचा हे शिकवावं लागत नाही.

पत्त्यांची काळजी आधीच घ्या. १५च पत्ते सतत हाताळले जातात, एकाचा कोपरा दुमडला की पालथा असूनही ओळखू येतो. गणपतीत मांडवात राखणीला बसून खेळणार असाल तर ओल्या हवेने ते वाकतातही. पत्ते मोजून स्लीव्ह (पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या) घ्या, सगळ्या एकाच पाकिटातल्या. दोन पाकिटांच्या छटा वेगळ्या निघतात.