जुनी गाडी: ओळखीचा डीलर की कंपनीचं शोरूम?

किलोमीटर किती, कितवा मालक, विमा चालू आहे का, हे तुम्ही बघालच. मी सांगतोय ते गाडी घरी आल्यानंतरचं. मी दोन्हीकडून घेतली आहे: २०१८ मध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून, चार वर्षांनी कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममधून.

डीलरकडे गाडी स्वस्त मिळते, घासाघीसही होते. माझी नवव्या दिवशी खंबाटकी घाटात तापली. मेकॅनिकने ऑइलचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आतून ताकाच्या फेसासारखा पांढरट थर. ऑइलमध्ये पाणी उतरलेलं, हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं. ३२ हजार गेले, पण मनाला लागलं ते डीलरचं उत्तर: "साहेब, मी फक्त मध्यस्थ. गाडी त्यांच्या नावावरून तुमच्या नावावर झाली." मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही खरंच जुन्या मालकाची होती. माझ्या हातात 'गाडी जशी आहे तशी' लिहिलेली टोकनची पावती.

आता परिस्थिती थोडी बरी आहे. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं मालकाने रीतसर कळवलं की डीलरच मालक धरला जातो. म्हणून ते अधिकारपत्र बघा आणि त्याच्याच नावाचं बिल मागा. बिल असलं की ग्राहक आयोगात त्याला विक्रेता म्हणून उभं करता येतं. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, गाडीला मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, तक्रार आपल्याच जिल्ह्यात. 'जशी आहे तशी' लिहिल्याने दडवलेला दोष माफ होतोच असं नाही, मात्र तो आधीपासून होता हे आपल्याला दाखवावं लागतं. त्यामुळे दुरुस्तीआधी फोटो काढा, मेकॅनिककडून लेखी घ्या. थेट मालकाकडून घेतलीत तर हा रस्ता बहुधा बंदच.

शोरूममध्ये अंदाजे ४० हजार जास्त मोजले. सहाव्या आठवड्यात दुसरा गिअर अडकायला लागला. वॉरंटीत इंजिन आणि गिअरबॉक्स होते, क्लच प्लेट नव्हती. तिचे पैसे मी भरले. पण गाडी कुणी विकली, हा प्रश्नच निघाला नाही. चार दिवसांत गाडी परत मिळाली.

सगळी शोरूम अशीच असतील असं म्हणणार नाही, आणि नीट बिल देणारे डीलरही असतात. सध्या मुलीसाठी गाडी बघतोय. दोन डीलरना फोन करून आधी बिलाचं विचारलं. एक म्हणाला, "नंतर बघू." दुसरा म्हणाला, "बिल कशाला, पावती देतो की." शनिवारी आम्ही शोरूमला जातोय.