उजळाईवाडीला यान उतरवायचं तर: ऑर्बिटर, फ्लाइटगिअर की कर्बल?

समजा, नासाचं स्पेस शटल कक्षेतून आपल्या कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर आणायचं आहे. तिथली धावपट्टी त्याला पुरणार नाही, शटल जिथं उतरायचं ती अमेरिकेतल्या केनेडी स्पेस सेंटरची ४,५७२ मीटर लांब आहे. पण पुरते असं धरून चालू. वेग कमी करायला इंजिन पेटवायचं ते पेरूच्या पश्चिमेला, भर प्रशांत महासागरावर. कोल्हापुरातून पृथ्वीला आरपार भोक पाडलं तर साधारण तिथंच निघेल. सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगातून फक्त ९० मीटरच्या आसपास वेग काढायचा. अर्ध्या तासानं सहाराच्या वाळवंटावर, १२२ किलोमीटर उंचीवर, हवा लागायला सुरुवात होते. तिथून कोल्हापूर ८,००० किलोमीटर आणि अजून अर्धा तास. इंजिन पुन्हा लावता येत नाही, घिरटी मारून परत यायची सोय नाही.

हे घरच्या कॉम्प्युटरवर शिकायचं तर मी तीन सिम्युलेटर सुचवतो. तिन्ही मी वापरलेत. प्रत्येक जण या प्रवासाचा वेगळा तुकडा हातात देतो, म्हणून निवडीआधी तुम्हाला कुठला तुकडा हवा ते ठरवा.

ऑर्बिटर फुकट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर यांनी २००० साली तो पहिल्यांदा दिला आणि २०२१ मध्ये त्याचा सोर्स कोडही खुला केला. विंडोजवरच चालतो, पण जुन्या मशीनवरही चालतो. जास्त तपशिलाची पृथ्वी उतरवून घ्यायची तर मात्र हार्डडिस्क मोकळी लागते. याची खरी ताकद कक्षेचं गणित. कक्षेचा उतार किती, तुमची कक्षा कोल्हापूरवरून कधी जाणार, बर्न, म्हणजे वेग कमी करायला इंजिन पेटवणं, दहा सेकंद उशिरा झाला तर काय, हे सगळं पडद्यावर आकड्यांत दिसतं. दहा सेकंद म्हणजे जवळजवळ ऐंशी किलोमीटर, इथून निपाणीच्याही बरंच पुढं! माझी सुरुवातीची यानं याच हिशेबात अरबी समुद्रात गेली. उजळाईवाडी त्यात नाही, पण तळाची, म्हणजे यान उतरायच्या जागेची, फाइल साधी मजकुराची असते. ७४.२९ पूर्व आणि १६.६६ उत्तर एवढं लिहून मी आपला तळ घातला, आणि नकाशावर ते नाव उमटलं तेव्हा खूप आनंद झाला. उड्डाणाची स्थितीही तशाच फाइलीत साठते. कंट्रोल एस दाबायची सवय लावा, लाइट गेली तरी मेहनत वाचते.

उणीव मोठी आहे. ऑर्बिटरसोबत येणारी यानं उष्णतेनं जळत नाहीत. ज्वाळा दिसतात, इजा होत नाही. नाक खाली घालून कसंही शिरलात तरी यान वाचतं आणि चुकीची सवय लागते. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परत येताना कोलंबिया शटलमध्ये मरण पावले, कारण डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या भोकातून तापलेला वायू आत शिरला होता. उष्णता वगळून पुनःप्रवेश, म्हणजे वातावरणात परत शिरणं, शिकणं मला पटत नाही. बाहेरून जोडायची एक्सआर मालिकेतली यानं तापतात, ती लगेच घाला.

फ्लाइटगिअरही फुकट, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. त्यातलं स्पेस शटल थॉर्स्टन रेंक आणि सहकाऱ्यांनी केलंय आणि माझ्या मते घरी मिळणारं हे सर्वांत प्रामाणिक शटल आहे. कॉकपिटातल्या कीपॅडवर ऑप्स ३०४ हा संकेतांक टाकल्याशिवाय पुनःप्रवेशाचा कार्यक्रम सुरू होत नाही. उष्णता मोजली जाते. शटलचं नाक साधारण ४० अंश वर ठेवायचं, म्हणजे पोटाखालच्या उष्णतारोधक टाइल्स ताप घेतात. आता नाक हलवायचं नाही, तर अंतर कसं सांभाळायचं? यान कुशीवर वळवून. कुशीवर गेलं की वर उचलणारा जोर कमी होतो, यान दाट हवेत उतरतं आणि वेग लवकर झडतो. पण दिशाही सरकते, म्हणून थोड्या वेळानं दुसऱ्या कुशीवर. घाटातल्या वळणांसारखी ही नागमोडी चाल हातांना कळली की कागदावरचं सगळं उलगडतं. शेवटी विमानाच्या तीन अंशांऐवजी जवळजवळ वीस अंशांचा उतार आणि ताशी साडेतीनशेच्या आसपास वेगानं चाकं टेकणं.

त्याची किंमत मशीन भरतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळायचं. शिवाय जमिनीचा नकाशा उडता उडता इंटरनेटवरून येतो. मोबाइलच्या डेटावर जमणार नाही, घरी ब्रॉडबँड हवं. आणि स्वस्तातली का होईना जॉयस्टिक घ्याच.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो. त्यातल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या एकदशांशापेक्षाही कमी. कक्षेतला वेग सेकंदाला सव्वादोन-अडीच किलोमीटर, म्हणजे किलोमागं ऊर्जा पृथ्वीच्या मानानं दहा-बारा पटींनी कमी. सराव म्हणून हे अपुरं. पण यान स्वतः जोडायचं असतं. उष्णतारोधक बुडाला न लावता वरच्या टोकाला लावला की काय होतं, हे सातवी-आठवीतल्या मुलाला एका दुपारी कळतं. घरात तसं मूल असेल तर पैसे वसूल.

माझा सल्ला असा. कक्षा आणि हिशेब यांत गोडी असेल, मशीन साधं असेल, तर ऑर्बिटर. बरं मशीन आणि चिकाटी असेल तर थेट फ्लाइटगिअर, पण कक्षेतून सुरुवात नको. इस्रोनं पुष्पक या आपल्या पंखवाल्या, पुन्हा वापरता येणाऱ्या यानाचं तसंच केलं. आपल्याच पुणे–बंगळूर महामार्गावर पुढं लागणाऱ्या चित्रदुर्ग जिल्ह्यात, २ एप्रिल २०२३ ला हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडून आधी फक्त उतरणं तपासलं. तुम्हीही शटल धावपट्टीसमोर ठेवून आठवडाभर नुसतं टेकवत राहा. सलग पाचदा मध्यरेषेवर चाकं टेकली की मग एक एक टप्पा मागं सरका.