मंडळात जाऊ की शिबिराला?

जत्रांचा हंगाम जवळ आला की कुडाळ-सावंतवाडीकडची दोन-चार पोरं हटकून विचारतात: नाटकासाठी आवाज तयार करायचाय, दशावतारी मंडळात जाऊ की रत्नागिरीला एखादं नाट्यशिबिर करू?

दशावतार म्हणजे आपल्याकडच्या जत्रांत रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य; त्यात लिहिलेली संहिताच नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं. कोण काय बोलणार ते नाही. राजा येऊन लाकडी बाकावर बसतो, तेच सिंहासन, आणि पुढची दहा मिनिटं त्यालाच भाषा उभी करायची असते. दिवसा 'माका काय ठावक' म्हणणारा माणूस रात्री पुराणातलं भारदस्त मराठी बोलतो, तेही पायपेटीच्या सुरावर बसून, पखवाजाला वाट देत. समोरचा काय टाकेल ते माहीत नसल्यामुळे कान आधी तयार होतो, तोंड मागाहून. स्त्रीपार्टी तर मुद्दाम जवळून ऐका: चांगला नट आवाज चिरका करत नाही, शब्दांची टोकं मऊ करतो.

खोटही सांगतो. पोटातून श्वास घ्यायचा हे कोणी समजावत नाही, बघून उचलायचं. नवखा गळ्यानं ओरडतो आणि तिसऱ्या जागरणाला आवाज बसतो. शिवाय सगळंच मोठं होतं. मंडळात दोन हंगाम काढून मी स्पर्धेच्या नाटकात कारकून केला, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, "अरे, चहा मागतोयस की वर?"

शिबिरात हेच उतरवतात. 'मी त्याला आंबे दिले' हे वाक्य आधी 'मी'वर, मग 'त्याला'वर जोर देऊन म्हणायला लावतात आणि अर्थ कसा सरकतो ते कळतं. 'चोर' आणि 'चंद्र' यांतले दोन वेगळे च, वाक्याच्या शेवटी विरून जाणारा श्वास, दुसऱ्यानं लिहिलेलं वाक्य आपल्या जिभेवर आणणं, हे सगळं इथे नीट होतं. पण दिवस थोडे, आणि काही ठिकाणी आपला हेल घासून काढण्यावरच भर. तो मात्र जपा. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकात मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच प्रमाण मराठीत बोलले असते तर?

चारचौघांत तोंडच उघडत नसेल तर मंडळ, निदान एक हंगाम. उघडतं, पण प्रत्येक भूमिका एकाच सुरात निघते, त्यानं शिबिर करावं. मालिकांकडे डोळा असेल तर विचारूच नका, शिबिरच. माइक छातीशी असताना बाकावरचा आवाज जड जातो. मुलींना मंडळाची वाट अजून अरुंद आहे, कारण परंपरेनं तिथे स्त्रीपात्रंही पुरुषच करतात.

दोन्ही एकदम करू म्हणाल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबरच्या आसपास येते, म्हणजे ऐन जत्रांत. मंडळात जाणार असाल तर त्या वर्षी स्पर्धेच्या दिग्दर्शकाला आधीच नाही म्हणून सांगा.