गेंड्याचं सोंग घेऊन पळायचं की आपल्याच अंगणात चालायचं?

एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे आणि त्यासाठी काहीतरी अचाट करून दाखवायचं, हे खूळ डोक्यात शिरलं असेल तर वाटा दोनच. मॅरेथॉनसारख्या ठरलेल्या स्पर्धेत सोंग घेऊन उतरायचं, नाहीतर स्वतःचं काहीतरी शोधून ते एकट्याने तडीस न्यायचं. ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकार चांगलेच मुरलेत, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो.

स्पर्धेत रस्ते बंद असतात, पाणी-डॉक्टर हजर असतात, कॅमेरेही आयतेच येतात. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तारीख ठरलेली असते. 'देतो नंतर' म्हणणाऱ्या मंडळींचा हात शर्यतीच्या आठवड्यात खिशाकडे जातो. 2024 च्या एकट्या लंडन मॅरेथॉनमधून संस्थांसाठी 7 कोटी 35 लाख पौंड जमले. पण आधी बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, तर मिळायला हवा! 2026 च्या सोडतीला 11 लाखांवर अर्ज आले होते. सोडतीत नाव आलं नाही तर संस्थांच्या कोट्यातून जागा मिळते, पण तिथे साधारण 2,000 पौंड जमवून देण्याचं कबूल करावं लागतं. कमी पडले तर काय, हे कबूल करण्याआधीच विचारून घ्या.

सोंगाचं म्हणाल तर 'सेव्ह द रायनो' संस्थेचा गेंडा प्रसिद्ध आहे. सुमारे 10 किलोचा तो डोलारा अंगावर चढवायचा, खाली पळणारे दोन पाय तेवढे दिसतात. वारा आला की तो हलतो, खांद्याला घासतो, आत घामाच्या धारा. तरीही लंडनमध्ये सोंगांची इतकी गर्दी असते की आणखी एका सुपरमॅनकडे कोणी ढुंकून बघत नाही. लॉइड स्कॉटचं वेगळं होतं. स्वतः रक्ताच्या कर्करोगातून उठलेला हा माणूस 2002 साली जुन्या पद्धतीच्या पाणबुड्याच्या पोशाखात लंडनची मॅरेथॉन चालला. पोशाखाचं वजन 59 किलोच्या आसपास. लागले पाच दिवस आणि आठ तास. बाकीचे घरी जाऊन झोपले तरी हा रस्त्यावरच, म्हणजे बातमी रोज नवी. त्या पोशाखाइतकंच त्याच्या संथपणानेही काम केलं, असं मला वाटतं.

आता दुसरी वाट. एप्रिल 2020 मध्ये कॅप्टन टॉम मूर यांनी शंभरी भरायच्या आत अंगणात वॉकर धरून 100 फेऱ्या मारायचं ठरवलं. मागितले होते 1,000 पौंड, जमले 3 कोटी 20 लाखांवर. हा आकडा बघून कोणी हुरळून जाऊ नये. टाळेबंदीत अख्खा देश घरात बसून होता आणि पैसे आरोग्यसेवेसाठी होते. तसा योग पुन्हा जुळणं कठीण. रग्बीपटू केव्हिन सिनफिल्डचं उदाहरण जास्त शिकण्यासारखं. मोटर न्यूरॉन हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झालेला त्याचा जुना सहकारी रॉब बरो रग्बीत 7 क्रमांकाचा शर्ट घालायचा. म्हणून डिसेंबर 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन, आणि लक्ष्य 77,777 पौंड. जमले कितीतरी पट जास्त. 'सातच का?' याचं उत्तर एका वाक्यात मिळतं, आणि ते ऐकल्यावर नाही म्हणणं जड जातं. तुमच्या कल्पनेला असं उत्तर नसेल तर ती नुसती सर्कस.

पहिलीच वेळ असेल तर मी स्पर्धाच सुचवेन. मुंबईकरांना त्यासाठी लंडन गाठायची गरज नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये जेमतेम सहा किलोमीटर असतात, सोंगंही चालतात, आणि देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं. एकट्याने करायचंच असेल तर सोबत गाडी, पाणी आणि 'आता बस कर' म्हणायची हिंमत असलेला एक माणूस हवाच.

पैसे मात्र थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. आपल्या गूगल पेवर घेतले की 80जीच्या, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणाऱ्या पावतीचा घोळ होतो आणि कुजबुजही सुरू होते. स्वतःची संस्था काढायच्या फंदात तर पडूच नका. कॅप्टन टॉम यांच्या नावाने नंतर निघालेल्या प्रतिष्ठानाच्या कारभारावर अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने 2024 मध्ये कडक ताशेरे ओढले. फेऱ्यांतून जमलेले पैसे आरोग्यसेवेच्या संस्थांकडे आधीच गेलेले होते, एवढंच बरं. आणि अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्या मामाकडून देणगी घ्यायची असेल, तर संस्थेकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का ते आधी बघा. नसेल तर त्यांचे पैसे संस्थेला घेता येत नाहीत.