वेताची नळीखुर्ची, दादरचा पावसाळा काढल्यानंतर

चोरबाजारातून घेऊन दुरुस्त करवलेल्या या खुर्चीने अख्खा पावसाळा काढला, आता बोलायला हरकत नाही. वाकवलेली पोलादी नळी, मागचे पाय नाहीत, बैठक आणि पाठ वेताची. बिनमागच्या पायांची ही कल्पना डच वास्तुकार मार्ट स्टॅमने १९२६ मध्ये गॅसच्या पाइपांचे तुकडे जोडून करून पाहिली. पुढे फर्निचर-डिझायनर मार्सेल ब्रॉयरने लाकडी चौकट आणि वेत आणला. श्रेयावरून जर्मनीत कोर्टकज्जेही झाले, १९३२ मध्ये कौल स्टॅमला मिळाला. दुकानदार 'ओरिजिनल जर्मन' म्हणत होता. शिक्का कुठेच नाही, तेव्हा त्या शब्दाचे पैसे दिले नाहीत.

बसायला झकास. टेकलं की किंचित खाली जाते, पेपर वाचताना आपसूक डुलायला होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यातही पाठ चिकटत नाही. आई आधी बसायलाच तयार नव्हती, "मागचे पाय कुठायत?" म्हणून. आता खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठता येतं, तर तीच अडवून बसते. डोकं टेकायला मात्र काही नाही; दुपारची डुलकी विसरा.

खरी परीक्षा नळीवरच्या क्रोमच्या मुलाम्याची. त्या थरात बारीक छिद्रं असतात, खारी दमट हवा तिथून शिरते आणि गंज आतून वर येतो. नव्याने प्लेटिंग करून नळी बेसिनच्या नळासारखी चकचकीत करता आली असती. मी जुनंच ठेवलं, ठिपक्यांसकट. पण जास्त त्रास खालून झाला. नळी लादीला लांबच लांब टेकलेली, त्यामुळे लादी पुसल्यावर फिनेलचं पाणी तिच्याखाली राहतं. श्रावणात तिथे तपकिरी रेघ उमटली. मग खाली प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. फेल्ट (नमदा) नको, ते पाणी धरून ठेवतं.

वेत भोकांतून ओवून हाताने विणून घेतला. तयार जाळी स्वस्त पडते, पण तिला खोबणी लागते. बैठक सैलावली तर खालून ओलं फडकं फिरवून वाळू द्यायची, परत ताणली जाते. एसीच्या झोतात ठेवू नका, वेत तडकतो.

शेजारचे काका "दवाखान्यातली वाटते" म्हणाले. इंदूरला माणिकबाग राजवाड्यात महाराजा यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात असलंच नळ्यांचं सामान हौसेने आणवलं होतं, हे ऐकून गप्प बसले आणि मग बसूनही पाहिलं.

घ्यायची झाली तर पुढच्या वळणांवरून बोट फिरवा. तिथे चीर किंवा वेल्डिंगचा डाग लागला तर दुकानदार कितीही खाली उतरो, सोडून द्या. सगळा भार त्याच वळणांवर येतो.